न्हाणीमागचं फाटक

मी एक जुनं लोखंडी फाटक आहे. मित्रांनो, तुमच्या निबंधाच्या वहीत छत्री आपली कहाणी सांगते की मी कितीजणांना भिजू दिलं नाही. घड्याळ सांगतं की मी कधी मागे पडलो नाही. मला असं काही सांगता येत नाही. अडवणं हेच माझं काम, आणि मी नको त्या माणसाला अडवलं. मला मान असती तर ती खाली घालूनच मी हे बोललो असतो.

माझा जन्म बंडीच्या पोटी झाला. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. तिच्या लाकडी चाकावर लोखंडाचा जो पट्टा चढवतात त्याचं नाव धाव. नावच धाव, तेव्हा मी पळणाऱ्याच्या कुळातला. वर्धा जिल्ह्यात जामच्या चौकातून समुद्रपूरच्या अंगाला आत वळलं की काळ्या मातीत आमचं गाव लागतं. गावातले किराणा दुकानदार तानबाजी यांची ती बंडी. दुकानाचा माल आणता आणता तिची लाकडं झिजली, मग टेम्पो आला आणि बंडी परसात उभी राहिली. तिच्या दोन्ही धावा तानबाजींनी लोहाराकडे नेल्या. लोहारानं त्या भट्टीत लाल केल्या, ठोकून सरळ केल्या आणि आडव्या-उभ्या जोडून माझं अंग घडवलं.

"तानबाजी, हे धावेचं लोखंड आहे," लोहार म्हणाला. "याले चालाची सवय. एका जागी टिकन काय?"

"चालन थोडं थोडं," तानबाजी म्हणाले. "उघडलं अन् लागलं, का झालं त्याचं चालणं."

ते हसले. मीही तेव्हा ते हसण्यावारीच नेलं. पळणाऱ्याला ठोकून उभं केलं की त्याचं फाटक होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तानबाजींच्या घरामागून एक चिंचोळी वाट जात होती. एका बाजूला त्यांच्या परसाचं कुंपण, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची मातीची भिंत. वाटेच्या एका तोंडाला बौद्ध वस्ती, दुसऱ्या तोंडाला वावरं आणि पुढे जामकडे जाणारा रस्ता. वाट कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पाणी उताराला जातं तशी माणसं त्या वाटेनं जात. पण त्या वर्षी रानडुकरं माजली. वावरातून ती थेट वाटेनं आत शिरत, तानबाजींच्या परसातली वालाची वेल तुडवत आणि वस्तीत कुणाच्याही अंगणात घुसत. म्हणून मला त्या वाटेवर उभं करायचं ठरलं. सगळ्यांना ते पटलं. माझ्या खांबांसाठी खड्डे खोदायला वस्तीतले रामाजी आले.

"खोल घेजो गा रामाजी," तानबाजी म्हणाले. "डुक्कर मोठी धडक मारते."

"डुक्कर राहू द्या जी," रामाजी म्हणाले. "तुमचा भूपेंद्र रोज लटकला तरी हालनार नाई."

छोटा भूपेंद्र लगेच माझ्यावर चढून झोके घ्यायला लागला, आणि मी खरंच हललो नाही. मग खांबाशी बसून तानबाजी आणि रामाजी दोघांनी चहा प्यायला. मला कुलूप नव्हतं. एक साखळी होती आणि एक आकडा. जो येईल त्यानं काढावी, पलीकडे जाऊन पुन्हा अडकवावी. तानबाजींचा नियम एवढाच होता.

आता मित्रांनो, त्या न्हाणीचं सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुढे जात नाही. परसाच्या कोपऱ्यात, वाटेला अगदी लागून, तानबाजींच्या घरची न्हाणी होती. न्हाणी म्हणजे चार फरशा, एक रांजण आणि भोवती तुराट्यांची ताटी. तूर निघाल्यावर उरलेल्या काड्या उभ्या बांधल्या की त्यांना फटी राहतातच. बाहेरून जाणाऱ्याला आतलं थोडं दिसे आणि आतल्या बाईला बाहेरचं सगळं. म्हणून गावानं एक रीत पाडली होती, माझ्याही आधीपासून. न्हाणीजवळ आलं की गड्यानं खाकरायचं आणि बाईनं आवाज द्यायचा. आतल्या बाईनं लुगडं ओढून घ्यावं किंवा "थांब" म्हणावं. मी आलो तेव्हा न्हाणीच्या कडेलाच रोवला गेलो, तेव्हा थांबायची जागा आपोआप माझ्यापाशी झाली.

तानबाजींच्या बायकोचं नाव देवकाबाई. रामाजींच्या बायकोचं जिजाबाई. दोघी एकाच काळात या गावात नांदायला आलेल्या. वाटेपलीकडे जिजाबाईचं छोटंसं वावर होतं. त्यात ती वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि सकाळी टोपलं डोक्यावर घेऊन जामच्या चौकात विकायला निघायची. माझ्यापाशी आली की ती थांबे.

"येऊ का वो, बाई?"

"थांब वो जराशी," न्हाणीतून देवकाबाई म्हणे.

मग जिजाबाई टोपलं माझ्या वरच्या दांडीवर टेकवी, न्हाणीकडे पाठ करी आणि उभी राही. पाठीला पाठ लावून दोघींचं बोलणं चाले.

"साबन संपाचा नाई काय तुह्या आज? जामचा बाजार उठून जाईन."

"उठू दे. तुह्ये किडके वांगे कोन नेते?"

"किडके म्हणते, अन् भरीत करून पह्यले बोटं कोन चाटते?"

"सांभार हाय काय टोपल्यात?"

"हाय."

"मूठभर फाटकावर ठेवून देजो. आता ये."

सांभार माझ्या दांडीवर राही आणि त्याचा वास दुपारपर्यंत माझ्या लोखंडाला लागून असे. रामाजी खाकरत ते ट्रॅक्टर सुरू केल्यासारखं. "अवो, अर्ध्या गावाले कळलं का रामाजी आले," देवकाबाई आतून म्हणे. कधी ती अंगावर पाणी घेता घेता ओवी म्हणे. ओवी ऐकू आली की बाया आपसूक पावलं हळू करत. एक ओवी मला अजून येते:

वाटेच्या वाटसरा, निंबाखाली बस जरा
तुह्या पायाच्या धुळीनं माह्या परसाले शोभा

मित्रांनो, माझ्या नशिबातले चांगले दिवस ते. मी होतो, पण कुणाला अडवत नव्हतो. डुकरं माघारी जात. माणसं साखळी काढत, जात, पुन्हा साखळी लावत.

नंतर तानबाजी गेले. भूपेंद्रनं दुकान मोठं केलं. घरात टाइल्सचं बाथरूम झालं, नळ आला. तुराट्यांची ताटी काढली, रांजण फुटला, न्हाणीच्या फरशा उरल्या. त्यांवर बसून देवकाबाई तांदूळ निवडायची. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, पण जिजाबाई माझ्यापाशी आली की तिच्या तोंडून ते निघेच, "येऊ का वो, बाई?" आणि सूप पाखडता पाखडता देवकाबाई म्हणे, "ये वो." दोघींची ती एकमेकींना हाक होती. दोन-चार म्हातारी माणसं सोडली तर त्या हाकेचं मूळ कुणाला ठाऊक राहिलं नाही. नवी माणसं एवढंच ऐकत की ही विचारते आणि ती हो म्हणते.

जिजाबाईची नात रोशनी समुद्रपूरला कॉलेजात जायची. तिला हे मुळीच आवडत नव्हतं. एकदा ती माझ्यासमोरच आजीला म्हणाली, "काऊन विचारते तू दर वेळेस? वाट का त्याइच्या बापाची आहे? आपल्या बापजाद्यांनी लय आवाज दिले. आता पुरे झाले."

"तो आवाज अलग होता व पोरी," जिजाबाई म्हणाली. "हा अलग आहे."

"काय अलग आहे?"

"जाऊ दे. तुले नाई समजाचं."

मित्रांनो, ते तिनं तेव्हा समजावून सांगितलं असतं तर पुढचं कदाचित टळलं असतं. पण दुसऱ्या बाईच्या न्हाणीची गोष्ट ती नातीलाही सांगणार नव्हती. तीच तर तिची रीत होती.

मग रामाजींना लकवा झाला. एक अंग गेलं. ते बाजेवर पडून राहत आणि जिजाबाई सकाळी वावरात जाऊन, भाजी तोडून, मधे धावत घरी येई. त्यांना चहा पाजी, कूस बदलून देई, पुन्हा निघे. माझ्या वाटेनं वावर जवळ होतं म्हणून हे जमत होतं. दुसरा रस्ता नाल्यातून. तो लांब, आणि पावसाळ्यात तिथं कमरेएवढं पाणी. माझी वाट होती तोवर जिजाबाईला वावरही सांभाळता येत होतं आणि रामाजीही. वाट गेली तर दोन्हीतलं एक सोडावं लागणार होतं. हे सगळ्या गावाला दिसत होतं.

भूपेंद्र वाईट माणूस नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण तो माझ्यावर झोके घेऊन वाढला आहे. सोयाबीन ठेवायला त्याला मागं गोदाम बांधायचं होतं. शिवाय त्या वाटेनं आता मोटरसायकली भरधाव जायला लागल्या होत्या. एकदा त्याची मुलगी आचल एका गाडीखाली येता येता वाचली. त्या संध्याकाळी त्यानं माझ्या साखळीला कुलूप लावलं. कुलूप हातात मावेल एवढं होतं. माझ्या अंगावर आजवर जे काही लागलं, त्यात तेच सगळ्यात जड.

दुसऱ्या दिवशी जिजाबाई आली. तिचा हात सवयीनं साखळीकडे गेला आणि कुलपावर थांबला. वर गच्चीवर भूपेंद्र होता.

"काकू, आता तिकडून जात जा. मागं बांधकाम काढलं आहे."

"तिकडून म्हंजे कुठून, बाबू?"

"नाल्याकून."

"नाल्यात पानी आहे."

"पानी काय जलमभर राह्यते? वसरन ना."

"नाल्याचं वसरन, बाबू," जिजाबाई म्हणाली. "तुह्या भिंतीचं?"

भूपेंद्र आत गेला. देवकाबाई फरशीवर बसली होती, तिच्या मांडीवर सूप होतं. तिनं सगळं ऐकलं आणि सुपातले तांदूळ उगाच इकडचे तिकडे केले.

रोशनीनं तहसीलला अर्ज दिला. काही दिवसांनी साहेब पाहणीला आले. बरोबर गावातली चार माणसं, भूपेंद्र, त्याचा भाऊ प्रफुल, जिजाबाई आणि रोशनी. देवकाबाईलाही बोलावून घेतलं. तीही आली, डोक्यावर पदर घेऊन. सगळे माझ्याभोवती उभे राहिले. इतकी माणसं एकदम माझ्याकडे बघत होती आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी इथं नसतो तर बरं झालं असतं.

"हे फाटक कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"आमचं, साहेब. बाबांनी आमच्या बंडीच्या लोखंडाचं बनवून घेतलं."

"खड्डे आमच्यावाल्यानं खोदले जी," जिजाबाई म्हणाली.

"मजुरीनं खोदले असतील," प्रफुल म्हणाला.

"मजुरी कशाची बाप्पा? चहा पेले होते दोघं."

साहेब थोडं हसले. भूपेंद्र पुढे झाला. "साहेब, एक गोष्ट विचारा याईले. वाट सगळ्यांची असती तर या बाया दर वेळेस परवानगी काऊन मागत होत्या? माझ्या आईले विचारून जात. आजही विचारतात. अख्खं गाव सांगन."

साहेब जिजाबाईकडे वळले. "आजी, तुम्ही विचारून जात होता?"

"आवाज देत होतो जी."

"काय म्हणत होता?"

"येऊ का वो, म्हणत होतो."

"कशासाठी?"

मित्रांनो, त्या वेळी जिजाबाईनं देवकाबाईकडे पाहिलं. मी दोघींच्या मधे उभा होतो, मला दोघींची तोंडं दिसत होती. कशासाठी याचं उत्तर एकच होतं. पण ते सांगायचं म्हणजे एवढ्या गडीमाणसांत, तिच्या दोन मुलांसमोर, परक्या साहेबांसमोर देवकाबाईच्या अंघोळीचा विषय काढायचा. ज्या लाजेसाठी आयुष्यभर हाक दिली तीच लाज स्वतःच्या तोंडानं उघड करायची. जिजाबाईनं मान खाली घातली. "तसंच, जी," एवढंच ती म्हणाली.

साहेबांनी देवकाबाईला विचारलं, "आजी, हे खरं आहे? त्या विचारत आणि तुम्ही हो म्हणत होता?"

देवकाबाईनं पदराचं टोक दातात धरलं. ती बोलेल असं मला वाटलं. सांग, सांग, असं मी मनात म्हणत होतो. पण फाटकाच्या मनातलं कुणाला ऐकू येतं?

"हाव जी," ती म्हणाली. "इचारत."

खोटं काहीच नव्हतं. शब्द न् शब्द खरा होता आणि त्यातून निघालेला अर्थ खोटा होता.

साहेबांनी शांतपणे समजावलं. ते म्हणाले, वर्षानुवर्षं लोक आपल्या हक्कानं एखाद्या वाटेनं जातात, तिला वहिवाट म्हणतात आणि ती कुणाला बंद करता येत नाही. पण दर वेळी विचारून गेलं तर तो मालकानं केलेला उपकार ठरतो, आणि उपकार मालक बंद करू शकतो. त्यात वाटेवर मालकाचं फाटकही आहे. सगळ्या जुन्या गोष्टी तपासून निकाल देऊ, असं सांगून ते गेले.

"पाह्यलं आजी?" रोशनी म्हणाली. "मी म्हणलं होतं ना, विचारत जाऊ नको म्हणून. आता विचारणंच नडलं."

जिजाबाई वळली आणि नाल्याच्या अंगाला चालू लागली.

मित्रांनो, मी ना बोललो होतो ना हललो होतो. तरी त्या दिवसापासून मला माझी लाज वाटते. कारण खोटी साक्ष दिली ती माझ्या असण्यानंच. मी नसतो तर बाया न्हाणीजवळून नुसत्या हाक देत गेल्या असत्या, आणि हाकेला कुणी परवानगी म्हटलं नसतं. मी होतो म्हणून त्या माझ्यापाशी थांबायच्या. थांबलेलं माणूस मागणाऱ्यासारखं दिसतं. त्यांचं सौजन्य मी भीक करून दाखवलं.

पुढचे दिवस पावसाचे होते. जिजाबाई नाल्यानं जायची आणि यायला तिला फार उशीर व्हायचा. एक दिवस वस्तीकडून ओरडा ऐकू आला. रामाजी तहानले होते. माठापर्यंत हात पुरेल असं त्यांना वाटलं आणि ते बाजेवरून खाली पडले. जिजाबाई नाल्याच्या पलीकडं पाणी ओसरायची वाट बघत उभी होती. शेजाऱ्यांनी त्यांना उचललं. कोपर फुटलं होतं. ज्यांनी माझे खांब हलू नयेत म्हणून खोल खड्डे घेतले, ते जमिनीवर पडून होते आणि त्यांची बायको माझ्यामुळे लांब अडकली होती.

ही बातमी देवकाबाईला भूपेंद्रच्या बायकोनं, सून सपनानं सांगितली. दोघी न्हाणीच्या फरशीवर वाल सोलत होत्या.

"जिजाकाकू वावर बटईनं देऊन राहिल्या म्हणे," सपना म्हणाली. "कोणी दुसरं पेरन, अर्धं याइले देईन. सकाळी दुकानात बाया बोलत होत्या."

देवकाबाईचा हात थांबला. ती म्हणाली, "ते मले इचारत नव्हती व."

"मंग?"

"अठी न्हाणी होती. आपण बसलो ना, तठीच. तुराट्याची ताटी होती, आरपार दिसे. मी आंग धूत असन म्हून ते आवाज दे."

सपनानं हातातली शेंग खाली ठेवली. "मग हे साहेबाले काऊन नाई सांगितलं, आई?"

"चार गड्याइत आंग धुण्याचं बोलू? माह्या तोंडातून निंगालंच नाई."

"मी सांगू काय तुमच्या वतीनं?"

"नाई. न्हाणी माही होती."

"पण यांच्यासमोर बोलावं लागन. ते लय चिडतील."

"चिडू दे," देवकाबाई म्हणाली. "त्याले याच फरशीवर पालथं टाकून न्हाऊ घातलं मी. तेव्हाही लय चिडे."

तिनंच निरोप धाडला आणि निकालाआधी साहेब पुन्हा एकदा आले. तीच माणसं, तीच जागा, मी तसाच कुलपासकट उभा. या वेळी देवकाबाई कुणी विचारायची वाट बघत थांबली नाही. ती पुढे आली आणि माझी वरची दांडी तिनं दोन्ही हातांनी धरली. तिचे हात थंडगार होते.

"साहेब, मांगच्या वेळेस मी अर्धंच बोलली. अठी आमची न्हाणी होती. ताटीतून दिसे. मी न्हात राहो. बाया आवाज देत, गडी खाकरत. मी थांब म्हणलं का ते थांबत, पाठ करून. येऊ का म्हंजे वाट मागत नव्हते ते. बाई, तुह्यं झालं काय, असं इचारत."

"माय, काय बोलून राह्यली तू?" भूपेंद्र म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "काऊन सगळ्याइसमोर..."

"बाई, राहू दे वो," जिजाबाई हळूच म्हणाली. अजूनही ती तिचीच लाज राखत होती.

"राहू देल्लं म्हून तं हे झालं," देवकाबाई म्हणाली. मग ती साहेबांकडे वळली. "वाट गावाची होती, साहेब. लाज माही होती. ते माही लाज राखत, अन् आमी त्याइची वाट बंद केली."

प्रफुल चपलेच्या टोकानं माती उकरत होता. गावातल्या एका म्हाताऱ्या माणसानं घसा साफ केला आणि तो म्हणाला, "खरं आहे जी. मीबी खाकरूनच गेलो आहे अठून." मग दुसराही म्हणाला. मागच्या वेळीही हे दोघं इथंच होते, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. रोशनी आजीकडे बघत राहिली, जणू ती तिला पहिल्यांदाच पाहत होती.

निकाल आला. वाट सार्वजनिक, अडथळा काढावा. तो अडथळा म्हणजे मी. भूपेंद्रनं मजूर लावला नाही. त्यानं स्वतः पहार घेतली. कुलूप काढलं, ते खिशात टाकलं आणि खांब उकरायला बसला. ते लवकर निघेनात. घामानं तो निथळला. एकदा पहार टेकवून तो नुसताच खड्ड्यात बघत बसला. काय आठवत होतं त्याला, ते मला कळलं नाही. त्यानं मला कुणाला दिलं नाही, भंगारातही घातलं नाही.

गोदाम त्यानं मागं सरकवून बांधलं. पण गोदामाच्या छताचं पाणी जायला एक नाली काढावी लागली आणि ती वाटेला आडवी गेली. म्हाताऱ्या माणसांना ती ओलांडणं अवघड होतं. एके सकाळी भूपेंद्रनं मला ओढत आणलं आणि नालीवर पालथं टाकलं. कडेनं दगड लावले, पाय देऊन पाहिला आणि आत गेला.

तेव्हापासून मी वाटेवर निजून असतो. तुमच्यासारखी शाळेची मुलं माझ्यावरून जातात आणि मुद्दाम खणखण वाजवत जातात. शेळ्या जातात, सायकली जातात. भूपेंद्रही जातो, घाईनं, खाली न बघता. रोशनी बसला उशीर झाला की उडी मारून जाते.

पण निकाल आला तोवर जिजाबाईचं वावर बटईनं देऊन झालं होतं. शब्द दिलेला, पेरणी झालेली. वाट मोकळी झाली तेव्हा तिला त्या वाटेनं नेण्यासारखं स्वतःचं काही राहिलं नव्हतं. आता ती त्याच वावरात दुसऱ्याच्या वांग्यांना खुरपायला जाते आणि मधे रामाजींना चहा पाजायला घरी येते. देवकाबाई फरशीवर बसलेली असते. ती मान वर करते. जिजाबाई "बरी हाय का?" म्हणते आणि पुढे जाते. पाठीला पाठ लावून होणारं ते बोलणं मात्र आता होत नाही. वाट खुली करायचा हुकूम निघतो, त्या बोलण्यासाठी हुकूम निघत नाही.

आणि जिजाबाई माझ्यावर पाय देत नाही. नालीपाशी येते, लुगडं थोडं उचलते आणि मोठी ढांग टाकून मला ओलांडते. तिचा गुडघा दुखतो, मला त्याची कटकट ऐकू येते. राग आहे म्हणून ती पाय देत नाही, की कुणाच्या दारच्या वस्तूवर पाय देऊ नये ही तिची जुनी रीत आहे, ते मला ठाऊक नाही. राग असेल तर तो बरोबर आहे. रीत असेल तर मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला जपा, पुसा, रंग द्या. मला रंग नको. गंजू द्या. तुमच्या गावात एखादी वाट असेल आणि तिच्यावरून कुणी हाक देत जात असेल, तर ती हाक कशासाठी आहे हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वेळेवर विचारून ठेवा. वाटेला तोंड नसतं, आणि आम्हा फाटकांचं तोंड कुणी ऐकत नाही. ज्यांना माहीत आहे ते लाजेपोटी गप्प बसतात.

आणि एक काम माझ्यासाठी करा. पावसाळ्यात ती नाली भरून वाहते, तेव्हा ओलांडताना तिचा पाय घसरेल अशी मला भीती वाटते. तुम्ही त्या वेळी तिथं असाल तर जिजाबाईचं खुरपं थोडा वेळ धरा, दुसरा हात तिला द्या आणि म्हणा, "आजी, फाटकावर पाय दे. ते खालीच आहे."